बाहेरच्या खोलीची प्रश्नावली

माझ्या थोरल्या बहिणीला बोलण्याबद्दल पगार मिळतो, ही गोष्ट आमच्या घराण्याला अजून पचलेली नाही. शाळेत याच गुणाबद्दल तिला वर्गाबाहेर उभं करायचे. ती बाहेर उभी राहायची आणि शिपायाशी गप्पा मारायची. शिपाई ऐकता ऐकता घंटा द्यायला विसरायचा आणि तिच्यापायी अख्ख्या शाळेला उपाशीपोटी गणितं करावी लागायची.

पुढे ती एका कंपनीचे मिक्सर घरोघरी जाऊन विकायला लागली. मिक्सर सुमारच होता. चालू केला की टेबलासकट चालायला लागायचा. पण ताई एका हाताने त्याला दाबून धरायची, दुसऱ्या हाताने टोमॅटो टाकायची आणि तोंडाने समोरच्या बाईला तिच्या सासरच्या गोष्टी सांगायला लावायची. बाईचं मन हलकं व्हायचं आणि हलक्या मनाने माणूस काहीही विकत घेतो. पुढे कंपनी बुडाली ती मिक्सरमुळे. मधली वर्षं ती तरंगली ती ताईमुळे, असं माझं स्वच्छ मत आहे.

नोकरी गेली तेव्हा भावोजी नेहमीप्रमाणे मालट्रक घेऊन कुठेतरी लांब होते. त्यांच्या घरी येण्याला आम्ही भेट म्हणतो, मुक्काम नाही. घरात ताई, तिच्या सासूबाई आणि माझी भाची. रिकामी बसलेली ताई या दोघींशीच दिवसभर बोलायला लागली, तेव्हा सासूबाईंनी स्वतः वर्तमानपत्र धुंडाळून एक जाहिरात शोधून काढली. ‘आरोग्यविषयक पाहणीसाठी बोलक्या महिला पाहिजेत.’ “ही तुझ्यासाठीच छापलीय गं,” त्या म्हणाल्या आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

पाहणी साधीसुधी नव्हती. एकाच वेळी कितीतरी देशांत चालली होती. वयात आलेल्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काय माहीत आहे, ते त्यांना कोण सांगतं, गर्भनिरोधकांबद्दल त्यांनी काय खरं नि काय खोटं ऐकलंय, आणि गरज पडलीच तर दवाखान्याची पायरी चढायला त्यांना धीर होतो का, हे सगळीकडे एकसारखे प्रश्न विचारून ताडून बघायचं होतं. आमच्या भागातल्या कामाच्या प्रमुख म्हणजे एक डॉक्टरीणबाई. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. मॅडम उंचीने बेताच्या, पण सगळे अवघड शब्द भाजीवालीने भाज्यांची नावं घ्यावीत तसे खणखणीत उच्चारणाऱ्या.

उमेदवारांची परीक्षा म्हणजे मॅडमसमोर बसून प्रश्नावली मोठ्याने वाचून दाखवायची. ताईने सुरुवात झोकात केली. वय, शिक्षण, घरात माणसं किती. मासिक पाळीपाशी आवाज खाली आला. ‘लैंगिक संबंध’ आले तेव्हा तिला ठसका लागला. आणि पुढच्या ओळीत कंडोम दिसल्यावर तिने प्रश्नावली मिटून मांडीवर ठेवली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, पुढे ते साहित्य आहे.”

मॅडमनी तिला नापास केलं. ताई बाहेर आली. थोड्या वेळाने मॅडम पुढच्या उमेदवाराला हाक मारायला दार उघडून बघतात तर बाहेर थांबलेल्या सगळ्या बायका, पहारेकरी आणि पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आलेला शेजारच्या इमारतीचा एक गृहस्थ, असे सगळे ताईभोवती गोल करून बसलेले. मॅडमनी तीन वेळा नाव पुकारलं. जिचं नाव होतं तिनेच, न बघता, हाताने “थांबा” अशी खूण केली.

मॅडमनी तिथल्या तिथे ताईला नोकरी दिली. भिंतीची.

हे भिंतीचं काम समजून घेतलं पाहिजे, कारण जगात असंही एक काम असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मुलाखत खासगी हवी, हा त्या पाहणीचा पहिला नियम. दुसऱ्या कुणाच्या कानावर शब्द जाता कामा नये. गेला तर मुलाखत बाद. आईबापांची परवानगी घेतलेली असते, सही झालेली असते. पण सही करणारा हात वेगळा आणि दाराला लागणारा कान वेगळा. म्हणून घरात दोन बायका जायच्या. आतली बाई मुलाला किंवा मुलीला घेऊन आतल्या खोलीत बसायची. बाहेरची बाई घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर दुसरी प्रश्नावली उघडायची: छप्पर गळतं का, पाणी किती वाजता येतं, दवाखाना किती लांब. ही दुसरी प्रश्नावली आतली मुलाखत संपेपर्यंत संपू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. ऑफिसात ताईला सगळे भिंतबाई म्हणायला लागले. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला नुसतं तोंड होतं.

तिचे पराक्रम ऑफिसात अजून सांगतात. एक निवृत्त हेडमास्तर वर्तमानपत्र घेऊन थेट आतल्या दाराला टेकून उभे राहिले होते. ताईने त्यांना विचारलं, “सर, घराला खिडकी कुठल्या बाजूला असावी?” हेडमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आतली मुलाखत संपली, मुलगा बाहेर आला, जेवला, खेळायला गेला, तरी सर अजून सकाळच्या उन्हापाशीच होते. पुढच्या सोमवारी ते ऑफिसात हजर. “माझ्या खिडकीबाबतच्या सूचनांवर काय कारवाई झाली?” त्या दिवसापासून मॅडमनी बाहेरच्या खोलीतली उत्तरंही नगरपालिकेला पाठवायला सुरुवात केली. तिथे त्यांचं काय होतं ते नगरपालिकेलाच ठाऊक. पण आता प्रश्न विचारताना ताईला लबाडी केल्यासारखं वाटत नाही.

एकदा सगळ्या देशांतल्या भिंतींची पडद्यावर बैठक झाली. आपापल्याकडे वडीलधारे आत घुसायला काय काय निमित्तं काढतात, असा विषय. मधे एक मुलगी भाषांतर करत होती. एका देशातल्या आया घड्याळाला किल्ली द्यायला आत जातात. दुसऱ्या देशात कोंबडी शोधायला जातात. एका देशात आई स्वतः जात नाही, आजीला पाठवते, कारण आजीला कोण अडवणार? आणि कुठल्याशा एका बापाने तर मुलाखत चालू असतानाच दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायला घेतलं होतं. ताई घरी येऊन हे सांगताना डोळे पुसत होती.

“सरकारं वेगळी, पैसा वेगळा, भाषा वेगळी. पण आया बघ, सगळ्या एकाच साच्यातल्या! आणि पोरं काय सांगतात म्हणे सगळीकडे? घरी विचारायची सोयच नाही. घरी विचारलं की उत्तराच्या आधी चौकशी सुरू होते.” ताईने कपाळावर हात मारून घेतला. “कसल्या आया असतील रे एकेक!”

भाची शेजारीच गृहपाठ करत होती. तिने मान वर केली, आईकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

इथे भाचीविषयी सांगायला हवं. ती तेव्हा सतरा वर्षांची. बोलणं मोजकं, आईने घरातला बोलण्याचा सगळा कोटा संपवल्यावर तिच्या वाट्याला उरलं तेवढं. तिच्या वर्गात एक उंच मुलगा होता आणि त्याच्या सायकलची चेन होती. ही चेन गावभर ठीक चालायची, ताईच्या घरासमोर आली की उतरायची. मुलगा ती बसवत खाली वाकायचा आणि वर गॅलरीत कपडे वाळत घालायला भाची उभी असायची. वाळलेले कपडे दोरीवरून काढायचे म्हटलं तर मात्र तिला दहा वेळा सांगावं लागायचं.

ताईने चौकशी करून बघितली. तिची चौकशीची पद्धत धंद्यातली होती. नाव काय, राहतो कुठे, वडील काय करतात, चेन नवी का घेत नाही, तुला काय म्हणाला, तू काय म्हणालीस, मग तो काय म्हणाला. भाची म्हणायची, “काही नाही.” घरोघरच्या सासवांना बोलतं करणाऱ्या माझ्या बहिणीला पोटच्या पोरीकडून दोन शब्दांवर तिसरा मिळेना. त्या काळजीने ती खरोखर वाळली. म्हणजे बोलता बोलता मधेच थांबायला लागली. आमच्याकडे ते दुखणं गंभीर समजतात.

आणि अशात पाहणीसाठी घरांची नवी सोडत निघाली. सोडत संगणक काढतो. संगणकाला नातीगोती नसतात. सोडतीत ताईचं घर आलं.

मॅडम म्हणाल्या, “भिंतबाई, हे घर आपण वगळू या. लोक समजून घेतील.”

इथे ताईचा अहंकार आडवा आला. “का म्हणून? इतक्या घरांतल्या आया मी दाराबाहेर बसवल्या. मला बसता येणार नाही होय? लिहा घर.”

भाचीलाही रीतसर विचारलं. तिने दोन दिवस विचार केला आणि आईसमोरच म्हणाली, “मी बोलेन. पण आई ऐकणार नसेल तर.”

“मी कशाला ऐकतेय?” ताई म्हणाली. “हा माझा धंदा आहे बाळा.”

“म्हणूनच,” भाची म्हणाली.

रविवारी सकाळी मी माझं चष्म्याचं दुकान बंद ठेवून ताईकडे गेलो. सतरा वर्षांच्या मुलीची मुलाखत असली की घरात कुणीतरी मोठं माणूस हवं असा नियम होता, आणि मोठं माणूस म्हणून ताईचा त्या दिवशी स्वतःवरच भरवसा नव्हता. फोनवर म्हणाली, “नुसता येऊन बस. मी उठले तर मला धर.”

आतली बाई आली. पूर्वीची परिचारिका, शांत, जाडजूड, तोंडाला कुलूप असलेली. तिच्याबरोबर बाहेरच्या खोलीसाठी आली एक नवी पोरगी. तिला भिंतीचं काम महिन्याभरापूर्वी शिकवलं होतं ते ताईनेच. गुरूची परीक्षा घ्यायची वेळ आल्यामुळे तिने प्रश्नावली उलटी धरली होती. भाची आतल्या बाईला घेऊन आत गेली. दार लागलं. कडीचा आवाज आला.

बाहेर आम्ही चौघं: सोफ्यावर ताई, खुर्चीत मी, स्टुलावर नवी, आणि खिडकीशी सासूबाई. सासूबाईंना कमी ऐकू येतं. पण कुजबुज असली तर नीट येतं.

“घराचं छप्पर कशाचं आहे?” नवीने सुरुवात केली.

“तुला दिसतंय की,” ताई म्हणाली.

“ताई, तुम्हीच सांगितलंय, दिसत असलं तरी विचारायचं.”

“काँक्रीट. पुढे.”

“असं एका शब्दात नका ना सांगू. लवकर संपेल.”

ताईचे डोळे दारावर होते. ती उठली. “मी जरा पाणी आणते सगळ्यांना.”

“ताई, पाणी साठवायला घरात किती भांडी आहेत? लहान, मध्यम, मोठी, वेगवेगळी सांगा.”

“अगं, हे मीच शिकवलंय तुला! पाण्याला उठली की पाण्यावर प्रश्न!”

“हो ताई. बसा ना.”

ताई बसली. आतून बोलण्याचा अस्पष्ट आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग भाचीचं हसू ऐकू आलं. एकदम, मोकळं. गेल्या वर्षभरात त्या घरात असं हसू कुणी ऐकलं नव्हतं.

“हसते कशाला?” ताई माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली. “या प्रश्नावलीत हसण्यासारखं काय आहे? मला पाठ आहे ती. हसायची एकही जागा नाही!”

“तुला पाठ आहे? तुला तर वाचता येत नव्हती.”

“मनात येते रे.”

हसू थांबलं. मग काहीच ऐकू येईना. शांतता फारच वाईट निघाली. ताईच्या चेहऱ्यावर प्रश्नावली पानापानाने उलटत गेलेली मला दिसत होती. आता कुठला प्रश्न आला असेल, कशाला एवढा वेळ लागत असेल.

“आता ते साहित्य आलं असेल,” ती पुटपुटली. “त्याला ‘नाही’ म्हणायला एवढा वेळ लागतो?”

तेवढ्यात सासूबाई उठल्या. “माझा चष्मा आत राहिलाय,” म्हणून दाराकडे निघाल्या. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मीच गेल्या महिन्यात करून दिलेला.

जे झालं ते बघण्यासारखं होतं. जी ताई दोन मिनिटांपूर्वी स्वतः पळायच्या बेतात होती, तिने सोफ्यावरून अशी उडी मारली की मिक्सरच्या दिवसांची आठवण झाली. दारासमोर हात पसरून उभी.

“आई, आत जायचं नाही.”

“अगं, चष्मा...”

“डोक्यावर आहे.”

सासूबाईंनी कपाळ चाचपलं. “मग रुमाल राहिलाय.”

“हातात आहे.”

“मग काय राहिलंय आत?”

“तुमची नात.”

सासूबाई चरफडत जागेवर गेल्या. पण ताई दारापाशीच उभी राहिली. आणि तिथे उभं राहिल्यावर व्हायचं तेच व्हायला लागलं. तिचं डोकं कलायला लागलं. आधी थोडंसं, मान अवघडल्यासारखं. नवी घाबरून भराभर विचारत होती, गटार उघडं आहे का, डास आहेत का, कुठल्या जातीचे आहेत. ताई ऐकत नव्हती. नवीचे प्रश्न संपले. तिने शेवटचं पान उलटून बघितलं, मागे कोरं होतं. ती रडकुंडीला आली.

“मामा,” ती मला म्हणाली, “तुम्ही काहीतरी करा ना!”

मी उठलो, पण मोठ्या बहिणीला धरायची सवय मला कधीच नव्हती. मी नुसताच हात पुढे करून उभा राहिलो, बस थांबवतात तसा.

ताईने कान लावण्यासाठी खाली वाकून बघितलं. दाराखाली बोटभर फट असते तिथून नीट ऐकू येतं, हे तिला कित्येक घरांतल्या आयांकडून कळलं होतं. पण फट नव्हती. आतून कुणीतरी चादरीची गुंडाळी करून ती पक्की बुजवली होती. तिच्याच घरातली निळी चादर, तिनेच सकाळी घडी घालून ठेवलेली.

ती वाकलेली होती तशीच थांबली. मग सरळ झाली आणि सोफ्यावर येऊन बसली. दुसऱ्यांच्या घरी पोरांनी अशी फट बुजवलेली दिसली की घरी येऊन ती हसत हसत सांगायची, पोरं काय हुशार असतात म्हणून.

“माझ्यासाठी घातली ती,” ती मला म्हणाली. “आजीसाठी नाही. आजी वाकत नाहीत.”

दार अजून बंदच होतं. आणि माझ्या बहिणीने पदर खोचला, नवीच्या हातातली प्रश्नावली काढून घेतली, तिचं कोरं पान वर केलं आणि सासूबाईंकडे वळली.

“आई, आता मी विचारते तुम्हाला. तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं?”

“कशाबद्दल?”

“त्याबद्दल.”

सासूबाईंनी हाताचा कर्णा करून ऐकलं आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या दणदणीत आवाजात उत्तर दिलं, “छे! मला आईनं सांगितलं, नवरा म्हणेल तसं कर. त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं, बायकोला विचारून कर. आम्ही दोघं एकमेकांना विचारतच बसलो.”

“मग?”

“मग काय! शेवटी त्यांनी मला शाळेत मिळालेली बक्षिसं दाखवली.”

नवीने तोंडात रुमाल कोंबला.

“आणि मूल होऊ नये म्हणून?” ताईने विचारलं. ज्या शब्दांवर ती नोकरीला नापास झाली होती त्यांच्या अगदी उंबऱ्यापर्यंत ती आली होती. “काळजी काय घ्यायचात?”

“यांना लांबच्या बदल्या मागून घ्यायला लावायचे!” सासूबाई गरजल्या. “एकदा फार जवळ बदली झाली. त्या वर्षीचा तुझा नवरा!”

आतून प्रचंड हसू फुटलं. एक भाचीचं आणि एक आतल्या बाईचं, जिचं तोंड कधी उघडत नाही असं सांगत होते. कडी निघाली, दार उघडलं, आणि दोघी एकमेकींना धरून बाहेर आल्या. आतल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“मुलाखत मघाशीच संपली,” ती कशीबशी म्हणाली. “आम्ही आजींचं ऐकत बसलो होतो.”

बाहेरच्यांनी आतलं ऐकू नये याचे नियम पानंच्या पानं लिहिलेले होते. आतल्यांनी बाहेरचं ऐकू नये असं कुठल्याच देशात कुणी लिहिलेलं नव्हतं.

मुलाखत पार पडली, मॅडमनी शाबासकी दिली, पण ताईची खरी परीक्षा पुढे सुरू झाली. झालेल्या मुलाखतीबद्दल मुलांना घरच्यांनी काही विचारायचं नाही, असं ती स्वतः प्रत्येक घरातून निघताना बजावून सांगायची. आता तिने आपल्या घरी ते पाळलं. त्या निळ्या चादरीनंतर तिने जणू शपथच घेतली होती. जेवताना पानातल्याबद्दल बोलायची, हवेबद्दल बोलायची. खाली सायकलची चेन उतरली तर उठून आत जायची. मी गेलो की मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायची, “माझं पोट फुटेल रे. पण मी विचारणार नाही.”

आठवडा उलटला आणि गंमत अशी की एकदा मी तिथे जेवायला बसलो असताना भाचीच बिथरली.

“आई, तू मला काही विचारणार नाहीस?”

“नाही.”

“काहीच?”

“नियम आहे.”

“म्हणजे तुला काही पडलेलंच नाही!”

ताईच्या हातातला चमचा पडता पडता राहिला. विचारलं तर चौकशी, नाही विचारलं तर बेपर्वाई. असा खटला आयांवरच चालतो. तिने माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी माझ्या ताटात बघितलं.

“एक प्रश्न होता,” भाची म्हणाली, “की तुला काही विचारायचं झालं, काही अडचण आली, तर पहिल्यांदा कुणाकडे जाशील? आई, वडील, शिक्षक, डॉक्टर, मैत्रीण, आणखी कुणी, कुणीच नाही.”

ताईने श्वास रोखून धरला. तोंडाने काही विचारलं नाही. पण तिचे डोळे, भुवया, दोन्ही हात, सगळे मिळून विचारत होते.

“मी सांगितलं, मामा.”

मी हातातला घास परत ताटात ठेवला. ताई उभीच राहिली.

“मामा? हा? अगं, याला स्वतःच्या शर्टाचं माप माहीत नाही! हा अजून बिनलग्नाचा! हा औषधाच्या दुकानात सर्दीची गोळी मागताना लाजतो!”

“म्हणून तर,” भाची शांतपणे म्हणाली. “मामाला काही माहीत नाही. तो इतका घाबरेल की मला सरळ डॉक्टरकडे घेऊन जाईल. वाटेत एक प्रश्न विचारणार नाही.”

माझ्या आयुष्यात माझ्या अज्ञानाचा असा गौरव कधी झाला नव्हता. पण ताईचा चेहरा बघून मला आनंद करवेना. ती हळूहळू खाली बसली. बराच वेळ ती तोंड उघडायची आणि मिटायची. काय काय प्रश्न जिभेवर येऊन परत जात होते ते मला दिसत होतं: कसली अडचण, कधी, तो चेनवाला का, तेव्हाच का नाही सांगितलंस.

शेवटी म्हणाली, “ते उत्तर बदलता येत नाही ना आता.”

“नाही. ते गेलं.”

“बरं केलंस खरं सांगितलंस ते.” आणि मग, आवाज अगदी खाली आणून, “मला काही येत नाही गं त्यातलं नीट. शब्दसुद्धा. पण डॉक्टरकडे मी पण नेऊ शकते. तोंड बंद ठेवून.”

“तू?”

“बघ तरी.”

भाचीने आईकडे बघितलं. मघापासून ती ताटात बोटाने रेघा ओढत होती ते थांबवलं. हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, “मग ये. मला एक विचारायचंय. पण मधे बोलायचं नाहीस.”

ताई गेली. दार लागलं. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. आतून भाचीचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सलग. माझ्या बहिणीचा आवाज काही केल्या येत नव्हता. थोड्या वेळाने शब्द कळायला लागले, तसा मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून सगळ्यांची ताटं घासायला घेतली.